पाण्याच्या परीक्षेत पास झालेलं जॅकेट

टेलरच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. कातरण आणि किस्से. कातरण मी दर शनिवारी पोत्यात भरून गादीवाल्याला देऊन टाकते. किस्से कोणी नेत नाही. ते डोक्यात बसून राहतात, आणि माझं डोकं मुळातच तापट, त्यामुळे अधूनमधून बाहेर काढले नाहीत तर हातातली शिवण बिघडते. आज काढतेच.

माझं दुकान गोंडपिपरी तालुक्यात, मेन रोडवर. समोर जंगल खात्याचं रेंज ऑफिस. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या पँटी अजून माझ्याकडे अल्टरला येतात. गार्ड, वॉचर, बाबू, साहेब, कोणाचं बटण तुटलं, कोणाची चेन अडकली, की रस्ता ओलांडून माझ्याकडेच. मशीन चालते आणि तोंडंही चालतात. त्यामुळे ऑफिसात काय चाललंय ते ऑफिसच्या आधी मला कळतं.

यातले बहुतेक किस्से नायलॉनचे आहेत. नायलॉनवर माझा राग नाही, हे आधीच सांगून ठेवते. बिचारं कापड आहे, त्याला जे येतं ते ते करतं. माझा राग आहे तो कोणतं कापड कोणाच्या अंगावर जाणार हे न बघता वाटणाऱ्यांवर.

*

सुरुवात आईपासून करते, कारण कापडाचा हा तापटपणा मला तिच्याकडूनच मिळाला. आई शिवणकाम करायची आणि आमच्या वस्तीतल्या विहारात तिचा शब्द चालायचा. बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या राहत. तेव्हा नायलॉनच्या साड्यांची नवी हौस होती. धुतली की वाळली, इस्त्री नको, चुरगळत नाही, वरून चमक. सगळ्या खूश.

आई दारातच उभी राहायची आणि येणाऱ्या प्रत्येकीचा पदर दोन बोटांत धरून बघायची. सुती असेल तर पुढे, मेणबत्तीजवळ. नायलॉन असेल तर मागे, अगदी भिंतीला टेकून, आणि हातात मेणबत्तीऐवजी फूल. एका वर्षी सरपंचबाई आल्या. नवीकोरी झुळझुळीत साडी. आईनं पदर धरला आणि मागे जायला सांगितलं.

"मले? मले मागं जाले सांगता?" सरपंचबाई म्हणाल्या.

"हो जी," आई म्हणाली. "सरपंच कोण हाये ते मेणबत्तीले समजत नाई."

सरपंचबाई चार महिने आमच्या दुकानाकडे फिरकल्या नाहीत. पाचव्या महिन्यात आल्या त्या सुती साडीला फॉल लावायला. आई काही बोलली नाही. मी असते तर बोलले असते.

*

आईची कापड ओळखायची पद्धत सोपी होती. कडेचा एक धागा ओढायचा, चिमट्यात धरायचा आणि काडी लावायची. सुती धागा कागदासारखा भुर्रकन जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि उरते ती राख, फुंकली की गेली. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, पण जाळ बाजूला केला की दोन्ही धुमसून विझतात. नायलॉन आधी आकसतो, मग वितळतो, त्याचा थेंब होतो, आणि तो गरम थेंब जिथे पडेल तिथे चिकटतो. थंड झाला की कडक गोळी. दाताखाली धरली तरी फुटत नाही.

मागच्या वर्षी एक फिरता विक्रेता दुकानात आला. बाहेरचा, गोड बोलणारा. शर्टांचा गठ्ठा माझ्या टेबलावर टाकून म्हणाला, "मॅडम, प्युअर कॉटन आहे. तुमच्याकडे ठेवा, हातोहात जातील." कॉलरवर तसं लेबलही होतं. मी एका शर्टाच्या आतल्या शिवणीतून धागा ओढला आणि काडी लावली. धागा आकसला, थेंब झाला, गोळी झाली. गोळी थंड होऊ दिली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

त्यानं गोळी नखानं दाबून बघितली. मग म्हणाला, "मॅडम, हे नव्या टेक्निकचं कॉटन आहे."

"आणि जुन्या टेक्निकचं काय होतं?"

"ते जळून राख होतं ना मॅडम," तो म्हणाला. हा जुन्या कापडाचा दोष असल्यासारखं सांगत होता.

*

नायलॉनची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलते. ती बाजू मला रामुलूनं शिकवली. रामुलू आमच्या रेंजमधला फॉरेस्ट गार्ड, मूळचा सिरोंच्याचा. घरी तेलुगू, ऑफिसात मराठी, आणि राग आला की दोन्ही. त्याचे वडील गोदावरीत मासे धरत.

एकदा मी नायलॉनला नावं ठेवत होते. रामुलू बटण लावून घ्यायला बसला होता. म्हणाला, "बाई, तसं नका बोलू. आमच्या आजाचं जाळं सुताचं होतं. दर चार दिवसाले वाळवा, झाडाच्या सालीत उकळा, तरी सडून जाये. बाबानं नायलॉनचं आणलं तवापासून सडणं नाई का तुटणं नाई. पाण्यात भिजलं तरी सुतासारखं जड होत नाई. एवढा मोठा मासा ओढला तरी ताणते, पन सोडत नाई."

मी म्हटलं, खरं आहे. घासलं तरी झिजत नाही, कसर लागत नाही, बुरशी धरत नाही. दप्तर, पट्टा, दोरी, तंबू, जाळं, सगळं नायलॉनचंच हवं. मीही दप्तराची शिवण नायलॉनच्या दोऱ्यानंच मारते. सुती दोरा एका पावसाळ्यात उसवतो.

"मग तुला शर्टपण नायलॉनचा शिवून देऊ का?" मी विचारलं.

रामुलूनं माझ्याकडे बघितलं. "बाई," तो म्हणाला, "जाळं मासोळीच्या अंगावर टाकतेत."

*

आता मुद्द्यावर येते. नायलॉनचं जॅकेट आमच्या रेंजमध्ये आलंच कसं, त्याची गोष्ट.

आमच्या रेंज ऑफिसातल्या दुर्गा मॅडम इकडे बदलून येण्याआधी भामरागडला गार्ड होत्या. तिकडे पावसाळ्यात नदी चढली की रस्ता बंद. आठ आठ दिवस बाहेरचं माणूस नाही, ऊनही नाही. त्यांचा सुती युनिफॉर्म एकदा भिजला की वाळायचाच नाही. दोरीवर टाकला की तिसऱ्या दिवशी त्याच्यावर हिरवी बुरशी. ओला शर्ट घालून नाले ओलांडायचे, ओलाच काढायचा, ओलाच परत चढवायचा. शेवटी त्यांनी अर्ज केला, की पावसाळी गस्तीसाठी नायलॉनचं जॅकेट मिळावं, ते पाणी धरत नाही आणि छपराखाली दोन तासांत वाळतं. अगदी बरोबर मागणी. मी असते तर तीच केली असती.

अर्ज वर गेला. वर म्हणजे कुठे ते कोणालाच माहीत नसतं. दोन पावसाळे गेले. मॅडमची बदली आमच्याकडे झाली. आणि एका फेब्रुवारीत आमच्या ऑफिससमोर टेम्पो उभा राहिला. नारिंगी जॅकेटं. शंभर टक्के नायलॉन, आतून अस्तरही नायलॉनचं. कोणासाठी, तर फायर वॉचरसाठी.

फायर वॉचर म्हणजे काय ते सांगते. उन्हाळ्यात जंगलाला आग लागू नये म्हणून हंगामापुरती गावातली माणसं ठेवतात. फेब्रुवारीत ही माणसं जाळरेषा काढतात. म्हणजे जंगलातून रस्त्याएवढी पट्टी साफ करून तिच्यावरचा पाचोळा स्वतःच जाळतात, की पुढे आग आली तर तिथे थांबावी. मग जूनपर्यंत पहारा. धूर दिसला की धावायचं आणि ओल्या फांद्यांनी झोडपून आग विझवायची. थोडक्यात, अख्ख्या खात्यात आगीच्या सगळ्यात जवळ जाणारी माणसं हीच.

दुर्गा मॅडमनं फाइल उघडून बघितली. वरच त्यांचा स्वतःचा अर्ज लावलेला होता. तशाच माझ्या दुकानात आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"टेलरबाई," त्या म्हणाल्या, "अर्ज मी केला, पावसाळा भामरागडचा, अन् जॅकेट देऊन राह्यले सुखदेवभाऊले. आता हे मी कोणाले सांगू?"

*

सुखदेवभाऊ आमच्या रेंजमधला सगळ्यात जुना फायर वॉचर. पन्नाशी ओलांडलेला, काटक, कमी बोलणारा. घरी धानाची थोडी शेती. वारा कुठून फिरला, आग कुठे वळणार, हे त्याला धुराच्या रंगावरून कळतं. साहेब येतात आणि जातात, आग विझवायला सुखदेवभाऊच लागतो. त्याची बायको माझ्याकडे ब्लाउज शिवायला येते, ती दर मार्चात एकच गोष्ट म्हणते: "जूनपर्यंत माणूस सलामत राहो, बाकी काई नाई पायजे." मलाही तेवढंच पाहिजे होतं.

तर जॅकेट आलं आणि वाटपाच्या दिवशी साहेबांनी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. सगळे वॉचर ओळीनं उभे. मी रस्त्यापलीकडून बघत होते, मग राहवेना म्हणून कुंपणापर्यंत गेले. सुखदेवभाऊला जॅकेट घालून मध्ये उभं केलं. बाबूनं हापशीवरून बादली भरून आणली आणि त्याच्या पाठीवर ओतली.

साहेबांनी जॅकेट उघडून आतला शर्ट चाचपला. कोरडा. "पास," साहेब म्हणाले. बाबूनं रजिस्टरमध्ये लिहिलं. फोटो काढला.

मी कुंपणावरून विचारलं, "साहेब, पाण्यानं ठीक आहे. विस्तव पडला तर?"

साहेब माझ्याकडे वळले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो बाई, आग लागू नये म्हणूनच तर ही माणसं ठेवली आहेत."

सगळे हसले. सुखदेवभाऊ हसला नाही. त्याच्या चपलांतून पाणी गळत होतं.

*

फेब्रुवारीत आमच्याकडे सकाळी अजून थंडी असते आणि हवा कोरडी ठणठणीत. सुखदेवभाऊ आत लोकरीचं स्वेटर घालायचा आणि वरून जॅकेट. आता लोकर आणि नायलॉन एकमेकांवर घासले की काय होतं ते कोणालाही विचारा. ऑफिसात सही करायला आला, जॅकेट काढलं, तर अंगावर चटचट आवाज. हाताचे केस उभे. सही करून पेन बाबूला परत द्यायला गेला, आणि बोटाला बोट लागलं तसा बाबू खुर्चीसकट मागे सरकला.

"सुखदेव, ऑफिसात येताना हे बाहेर काढून येत जा," बाबू बोट झटकत म्हणाला.

"काढतानाच तर चावते जी," सुखदेवभाऊ म्हणाला.

मग माझ्याकडे येऊन त्यानं गंभीरपणे विचारलं, "बाई, मले एक सांगा. जाळरेषेवर जाताना माचीस नेवाची का आता नेली नाई तरी चालन?"

सुती कापडाची असली चटचट नसते, कारण त्यात हवेतली थोडी ओल मुरलेली असते. नायलॉन ओल धरतच नाही. पण हे बाबूला सांगायला गेले तर तो म्हणाला, आमचा स्टाफ आहे, आम्ही बघून घेऊ. बघताहेतच.

*

मार्च लागला आणि ऊन तापलं. चंद्रपूरच्या बाजूचं ऊन कसं असतं ते मी सांगायची गरज नाही, टीव्हीवाले दर वर्षी सांगतात. त्या उन्हात दिवसभर नायलॉन. नायलॉन पाणी पीत नाही म्हणून तो लवकर वाळतो, पण तो घामही पीत नाही, म्हणून आतला माणूस काही वाळत नाही. सुखदेवभाऊची पाठ, मान, काखा, सगळीकडे घामोळ्या उठल्या. मग त्या फुटल्या. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि कागदावर दोन ओळी लिहून दिल्या.

दुपारी सुखदेवभाऊ तो कागद घेऊन माझ्या दुकानात. एका हातात मलमाची ट्यूब.

"बाई, पहिलं औषध मेडिकलवाल्यानं देल्लं," तो म्हणाला. "दुसरं त्याच्याकडं नाई म्हणते. तुमच्याकडं भेटन म्हणून सांगतलं."

मी कागद बघितला. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, सैल सुती कपडे वापरावेत.

माझ्याकडे मांजरपाटाचा तुकडा होता, गादीच्या खोळीतून उरलेला, जाडाभरडा पण अस्सल सुती. त्याच दिवशी ढगळ बंडी शिवून दिली. दुसऱ्या दिवशी तो ती घालून आला आणि म्हणाला, "घाम पिऊन राह्यलं बाई हे. वारा लागला का थंड लागते." ती माझी बावीस वर्षांतली सगळ्यात चांगली शिवण होती असं मला वाटलं, आणि बंडीला तर कॉलरसुद्धा नव्हती.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून निरोप आला. बंडी युनिफॉर्ममध्ये बसत नाही. घालायची असेल तर जॅकेटच्या आतून.

*

आता तुम्ही म्हणाल, जंगलात कोण बघतंय, काढून ठेवायचं ना. वॉचरनी तेच केलं. पण साहेब कच्चे नाहीत. त्यांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. रोज सकाळी प्रत्येक वॉचरनं आपल्या बीटवरून, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलातून, जॅकेट घातलेला फोटो टाकायचा. फोटो नाही तर हजेरी नाही.

आठवडाभर ग्रुपवर नारिंगी फोटोंचा पाऊस. साहेब खूश. एका मीटिंगमध्ये त्यांनी ते फोटो मोठ्या पडद्यावर दाखवले आणि शिस्त कशाला म्हणतात यावर बोलले. मी दुर्गा मॅडमच्या फोनवर ते फोटो बघितले. मला काहीतरी खटकलं. पहिल्या माणसाच्या डाव्या खिशाची शिवण उसवली होती. दुसऱ्याच्याही. तिसऱ्याच्याही. पाचही जणांच्या जॅकेटची एकच शिवण, एकाच जागी, एवढीच उसवलेली.

मी सुखदेवभाऊला गाठलं. तो जरा ओशाळला. "एक जॅकेट मोहाच्या झाडाले टांगून ठेवतो बाई," तो म्हणाला. "सकाळी पाचही जन तिथी येतो. एक घालते, फोटो काढते, दुसऱ्याले देते."

"आणि बाकीची चार?"

"घरी. बायको धानाचं पोतं झाकते त्यानं. पानी जात नाई ना आत."

बघा, सुखदेवभाऊच्या बायकोला कळलं की या कापडाचा उपयोग काय. ती ब्लाउज न्यायला आली तेव्हा आम्ही दोघी त्यावर खूप हसलो. मग तिनं विचारलं, हे असंच जूनपर्यंत चालन ना, आणि मी म्हटलं चालेल. उगाच म्हटलं.

*

मला मात्र स्वस्थ बसवेना. मी सरळ ऑफिसात गेले, साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. बरोबर काड्यापेटी, चिमटा आणि सुती कापडाचा तुकडा. म्हटलं, साहेब, दोन मिनिटं द्या. एक धागा सुताचा जाळते, एक तुमच्या जॅकेटचा. आपल्या डोळ्यांनी बघा आणि मग ठरवा. नायलॉन नको असेल तर खाकी सुती कापड द्या, शिवणावळ न घेता सगळ्या वॉचरांचे शर्ट शिवून देते. सुती कापड पेटतं, मी कुठे नाही म्हणते, पण ते थापटून विझवता येतं, फाडून फेकता येतं. ते अंगावर वितळत नाही.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. मग जॅकेटकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही शासकीय मालमत्ता जाळायचं म्हणताय."

"एक धागा साहेब."

"धागा मालमत्तेचाच ना. लेखी परवानगी लागेल."

मी पण इरेला पेटले. तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला. शासकीय जॅकेटमधील एक धागा, अंदाजे चार बोटं लांब, जाळून बघण्यास परवानगी मिळावी. बाबूनं पोच दिली. वीस दिवसांनी उत्तर आलं, ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. प्रकरण वरिष्ठ कार्यालयाकडे मार्गदर्शनासाठी पाठवण्यात आलं आहे आणि निर्णय होईपर्यंत अर्जदारानं जॅकेट जाळू नये.

*

आता शेवटचा.

एप्रिलच्या सुरुवातीला ग्रुपवर मेसेज आला. मोठे साहेब पाहणीला येणार, कधीही कुठेही येतील, सगळ्या वॉचरनी दिवसभर जॅकेट अंगावर ठेवावं. सुखदेवभाऊनं धानाच्या पोत्यावरचं आपलं जॅकेट आणलं, झटकलं आणि घातलं.

मोहफुलांचे दिवस. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा कोणीतरी पेटवून दिला आणि घरी गेलं. भर दुपारी वारा फिरला. धूर दिसल्यावर सुखदेवभाऊ आणि रामुलू धावले. जाळरेषेच्या अलीकडेच आग गाठली. पाऊण तास झोडपत होते. एक जळती काटकी वरून आली आणि सुखदेवभाऊच्या डाव्या बाहीवर पडली. रामुलू सांगत होता की पेट घेतल्यासारखं दिसलंसुद्धा नाही. नुसती बाही आत ओढली गेली. रामुलूनं आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं. सुखदेवभाऊनं उरलेली आग विझवली आणि मग खाली बसला.

ग्रामीण रुग्णालयात मी गेले तेव्हा सिस्टर कात्रीनं बाही कापत होती. जेवढी सुटी होती तेवढी कापली. बाकीची हाताला बसली होती, कोपरापासून मनगटापर्यंत, नारिंगी. ओढायची नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. आत बंडी होती, तिला बाही नव्हती. मी शिवताना उन्हाचा विचार केला होता, बाहीचा केलाच नव्हता. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. सुखदेवभाऊची बायको खाटेजवळ उभी होती. ती रडत नव्हती आणि माझ्याशी बोललीही नाही.

मोठे साहेब पाहणीला आलेच नाहीत.

आठ दिवसांनी सुखदेवभाऊ दुकानात आला. डाव्या हाताला पट्टी, उजव्या हातात जॅकेट भरलेली प्लास्टिकची पिशवी आणि एक कागद. ऑफिसची नोटीस होती. आपणास देण्यात आलेल्या जॅकेटच्या तपासणीत डावी बाही अपूर्ण आढळून आली आहे, सबब सदर जॅकेट पूर्ण स्वरूपात जमा करावं अथवा तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.

माझं डोकं फिरलं. मी मशीन बंद केली, कागद घेतला आणि भराभरा एक पानभर लिहिलं. बादलीपासून सगळं. एकेकाचं नाव घेऊन. वाचून दाखवलं. सुखदेवभाऊनं शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

"हे तुमचं झालं बाई," तो म्हणाला. "माझं ल्याहा. मी सांगतो तसं."

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. एक अक्षर माझं नाही.

"माननीय साहेबांस. जॅकेट जमा करून राह्यलो. उजवी बाही, पाठ, गळा, चेन, दोनी खिशे बरोबर हायेत. डाव्या बाहीचा सिस्टरबाईनं कापून देल्ला तो तुकडा पिशवीत हाये, पाहून घ्यावा. बाकीची बाही माझ्या हाताले हाये. डॉक्टरसाहेब म्हणते का ते कातड्यासंग हळूहळू निघन. जसजशी निघन तसतशी आणून जमा करीन."

खाली त्यानं सही केली. पिशवी आणि कागद घेऊन रस्ता ओलांडून गेला. मी दारात उभी राहिले.

अर्ध्या तासानं परत आला आणि खुलाशाची प्रत माझ्यापुढे धरली. साहेबांनी काय लिहिलं ते त्याला वाचून हवं होतं. कोपऱ्यात हिरव्या शाईनं शेरा होता, खाली लफ्फेदार सही.

मी वाचून दाखवलं. "पंधरा दिवसांची मुदत देण्यात येते."